लगामाआधी वैरण

घोड्याविषयी बोलावयास कोकणातला मनुष्य पुढे यावा, हे ऐकून आपल्यापैकी देशावरच्या मंडळींस थोडी मौज वाटेल. मी मुरुडचा. जंजिऱ्याच्या मुरुडचा नव्हे. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात हर्णैच्या शेजारी जे मुरुड आहे, तेथला. आमच्याकडे घोडा घरचा असा कधी झाला नाही. वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस, जांभ्या दगडाच्या निसरड्या पाखाड्या, आणि खावयास भाताचा पेंढा. अशा मुलखात बैल, होडी आणि स्वतःचे पाय हीच वाहने. आमच्या गावचे महर्षी धोंडो केशव कर्वे लहानपणी एका परीक्षेसाठी साताऱ्यास गेले ते भर पावसात पायी गेले. आणि वय लहान दिसते म्हणून परीक्षेस बसू न दिल्यामुळे तसेच परत आले. ही हकीकत त्यांच्या आत्मचरित्रामुळे सर्वांच्या परिचयाची आहे.

असे असूनही, घोड्याच्या संगोपनाविषयी मराठीत लिहिलेला सर्वांत शहाणा कागद कोणता, असे मला कोणी विचारले तर मी जो सांगेन तो आमच्याच जिल्ह्यासाठी लिहिलेला आहे. त्या कागदाची, आणि त्यातून घोडा शिकविण्याच्या विद्येविषयी मला जे उमगले त्याची हकीकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

प्रथम थोडे मागे जाऊ. आमच्या तालुक्याच्या दक्षिण टोकास, वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, दाभोळ नावाचे बंदर आहे. आज तेथे फारशी वर्दळ नाही. पण बहामनी अमदानीत अरबस्तान आणि इराणकडील घोडी ज्या बंदरांत उतरत, त्यांत चौल आणि दाभोळ यांची गणना होती. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी विकण्यासाठी एक घोडा बरोबर घेऊन समुद्रमार्गे चौलास उतरला. पावसाळा त्याने जुन्नरास काढला, आणि परतीच्या प्रवासास निघाला तो दाभोळाहूनच. त्याने लिहून ठेवले आहे की या देशात घोडी निपजत नाहीत, आणि बाहेरून आणलेल्या घोड्यांस येथे कडधान्य आणि तेल-साखर घालून शिजविलेली खिचडी खावयास घालतात. घोडी निपजत नाहीत हे त्याचे म्हणणे सर्वस्वी खरे नव्हे. देशी तट्टू येथे होतेच. परंतु त्याच्या बोलण्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. चांगला घोडा हा दख्खनेत समुद्रापलीकडून आणलेला, महागामोलाचा आणि हवापाण्यास न सोसणारा पाहुणा होता. तो जगविणे हीच पहिली विद्या होती. त्यास चालविणे ही दुसरी.

या परदेशी रक्ताचा आणि देशी तट्टाचा संकर होऊन भीमा नदीच्या काठी जी अवलाद तयार झाली, ती भीमथडी. अंगाने लहान, दिसण्यात साधी, पण काटक आणि थोड्या चाऱ्यावर दूरची मजल मारणारी. मराठ्यांच्या स्वाऱ्या या जनावराच्या पाठीवरून झाल्या. आपण इतिहास वाचतो तेव्हा ती स्वारी, ती दौड, तो गनिमाचा पाडाव डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु दौड ही वर्षातील काही दिवसांची गोष्ट. उरलेल्या दिवसांत घोडा ठाणावर बांधलेला असतो, आणि त्याचे बरेवाईट जे काही व्हावयाचे ते तेथे होते.

आता तो कागद. शिवाजी महाराजांचे हे पत्र १६७४ च्या राज्याभिषेकापूर्वीच्या काळातले. ते चिपळूण तर्फेतील हळवर्ण या गावी छावणीस असलेल्या पागेच्या जुमलेदारांस, हवालदारांस आणि कारकुनांस लिहिलेले आहे. हा सर्व मुलूख मामले दाभोळात मोडत असे. प्रसंग असा की लष्कर चिपळुणास उतरले होते, वैशाख चालू होता, आणि घाटावर जाण्यासारखी परिस्थिती नव्हती. पावसाळ्यासाठी म्हणून दाभोळच्या सुभ्यात दाणावैरण साठवून ठेविली होती. तीतील पुष्कळशी अगोदरच खर्च होऊन गेली. तेव्हा कारकुनांकडून आणि गडोगडींच्या कोठारांतून असेल तो गल्ला देववून महाराजांनी पागेची कशीबशी बेगमी केली, आणि पुढे हे पत्र लिहिले.

पत्रात लढाईचे अक्षर नाही. त्याचा भावार्थ माझ्या शब्दांत सांगतो. तुम्ही मनास येईल तसा दाणा आणि गवत मागाल, आहे तोवर भरमसाट चाराल, आणि ते संपले म्हणजे भर पावसात कोठून काही मिळावयाचे नाही. मग घोड्यांस उपास पडतील आणि ती मरतील. आणि तो दोष पावसाचा नसेल, घोडी तुम्हीच मारिली असे होईल. इतकेच नव्हे, चारा संपला म्हणजे तुमची माणसे गावात शिरतील. कोणी कुणब्याचा दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूड, कोणी भाजी. जो कुणबी कसाबसा घर धरून राहिला आहे तोही निघून जाईल, आणि त्यास वाटेल की मोगल आले ते बरे, त्यांपेक्षा तुम्ही वाईट. यास्तव जे हवे ते बाजारातून मोल देऊन आणावे. यानंतर महाराज गवताच्या गंजीकडे वळतात. कोणी आगट्या पेटवील, कोणी भलत्या जागी चूल मांडील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल. रात्री दिवा तसाच जळत राहील आणि उंदीर जळती वात ओढून नेईल. गवत पेटले म्हणजे मग कोणासही शिक्षा केली तरी घोडी वाचत नाहीत.

श्रोतेहो, एक राजा उंदराच्या तोंडातील वातीपर्यंत विचार करतो, याचे पुष्कळांनी कौतुक केले आहे आणि ते यथार्थच आहे. मी शाळामास्तर असल्यामुळे मला त्या पत्रात आणखी एक वस्तू दिसते, ती म्हणजे गणित. सभासदाने १६९७ साली लिहिलेल्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, अशा पाच हवालदारांवर एक जुमलेदार. म्हणजे एका जुमल्यात १२५ घोडी. लहान चणीच्या घोड्यासही दिवसास पाच-सहा किलो सुका चारा लागतो. सहा धरले तर एका जुमल्यास रोज ७५० किलो. आणि पावसाळ्याचे १२० दिवस धरले तर ९०,००० किलो. एका जुमल्याचा हा हिशेब झाला. छावणीत जुमले अनेक असत. आणि हा चारा कोकणात, जेथे पाऊस सुरू झाल्यावर सुके गवत दृष्टीस पडत नाही, तेथे. वैशाखात एक मूठ गवत जास्त घालणारा बारगीर घोड्यावर प्रेम करीत असतो असे आपणांस वाटते. तो वस्तुतः भाद्रपदातील त्याच घोड्याच्या तोंडचा घास काढीत असतो. माया आणि संगोपन यांत हे अंतर आहे. माया आजचा दिवस पाहते. संगोपन पावसाळ्याचा शेवटचा दिवस पाहते.

सभासदाच्या बखरीत आणखी एक बारकावा आहे. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि खूर! ज्यांनी घोडा पाळला आहे त्यांस याचे मर्म तत्काळ कळेल. घोड्यास दिवसाकाठी वीस ते चाळीस लिटर पाणी लागते, आणि ते न मिळाले तर सुका चारा पोटात अडकून शूळ उठतो. घोड्यास ओकारी होत नाही. पोटात गेले ते एकाच वाटेने पुढे सरकले पाहिजे, यामुळे साधा पोटशूळही त्याच्या जिवावर बेततो. आणि खूर नीट नसला तर बाकीचा घोडा कितीही सुंदर असो, तो उभाच राहावयाचा. लष्कर पावसाळ्यास छावणीत परत आले म्हणजे दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे तयार असत, आणि दसरा होताच कूच होई, असेही सभासद सांगतो. दसऱ्याला आपण घोड्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालतो. ती पूजा खरोखर मागील चार महिन्यांची आहे.

उलट उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठे लढाईस निघाले ते रसद तुटून अन्नान्न झालेले असता निघाले. माणसांप्रमाणेच घोडीही उपाशी होती. उपाशी घोड्यास टाच मारून दौड मिळत नाही, हे तेथे सर्वस्व गमावून आपण शिकलो.

आता शिकविण्याच्या विद्येकडे वळू. मराठीत घोडा शिकविणाऱ्यास ‘चाबुकस्वार’ म्हणतात. शब्द ऐकून असे वाटते की हे सर्व काम चाबकाचे. पण प्रत्यक्ष व्यवहारातील शब्द पाहा: खरारा करणे, चुचकारणे, तोबरा चढविणे, अगाडीपिछाडी सैल करणे, काव्यावर धरून मंडळात फिरविणे, कदम चाल बसविणे, मग दुडकी, आणि सर्वांच्या शेवटी भरधाव. यांत मारण्याची क्रिया एकही नाही. शिंगरू प्रथम माणसाच्या हातास सरावते, मग मुसक्यास, मग पाठीवरच्या रिकाम्या खोगिरास, आणि त्यानंतर कितीतरी दिवसांनी स्वारास. ज्यास घाई झाली त्याने एक पायरी गाळली, आणि गाळलेली पायरी घोडा जन्मभर विसरत नाही.

हे ज्ञान जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. तेथे घोड्यांच्या चालींची नावे आहेत, व्यालेल्या घोडीस काय खावयास घालावे तेही आहे. आणि औषधोपचारात हयगय होऊन घोड्याचा रोग वाढला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड बसवावा असा नियम आहे. तिकडे ग्रीस देशात सुमारे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन नावाच्या सेनानीने अश्वारोहणावर एक लहान पुस्तक लिहिले. तो म्हणतो, रागाच्या भरात घोड्याजवळ कधीही जाऊ नये. आणि जबरदस्तीने करविलेली गोष्ट घोडा समजून करीत नाही, नर्तकास फटके मारून नाचविले तर जसा नाच होईल तसे ते दिसते. दोघांस परस्परांचे नावही ठाऊक नसेल. पण घोडा दोघांसही तेच शिकवून गेला.

आजचे पशुवैद्यक याचे कारण सांगते. घोडा हा मूळचा गवत खाणारा, आणि वाघालांडग्यांचे भक्ष्य होणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्यास जवळजवळ सभोवार दिसते; मात्र अगदी नाकासमोर आणि अगदी शेपटीमागे दिसत नाही. म्हणून भीती वाटली की पळावयाचे, हेच त्याचे शास्त्र. त्यास मारले तर मार कशासाठी बसला हे त्यास कळत नाही. त्या जागेची, त्या माणसाची आणि त्या चाबकाची भीती तेवढी बसते. त्यास समजते ते एवढेच की लगाम ओढला गेला, मी थांबलो, आणि त्याच क्षणी लगाम सैल झाला. ते सैल होणे हेच त्याचे बक्षीस आणि तोच त्याचा धडा. ओढणे कोणासही येते. नेमक्या क्षणी सोडणे हे शिकविणाराचे कौशल्य.

या विद्येत नावाजलेल्या दोन मराठी व्यक्तींचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. पहिली, झांशीची राणी लक्ष्मीबाई. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेस गेले होते. त्यांनी आपल्या प्रवासवृत्तान्तात, जो १९०७ साली छापला गेला, राणीच्या अश्वपरीक्षेची गोष्ट सांगितली आहे. एका सौदागराने दिसण्यात सारखी दोन घोडी आणिली. बाईसाहेबांनी दोन्ही फिरवून पाहिली, आणि एकास मोठे मोल सांगून दुसऱ्यास अगदी क्षुल्लक सांगितले. कारण त्याच्या छातीस पूर्वी दुखापत झालेली होती. सौदागराने ते कबूल केले. डोळ्यांस न दिसणारे दुखणे पाठीवर बसून ओळखणे ही केवळ स्वारी नव्हे. ती त्या जनावराशी झालेली ओळख आहे. आणि त्याच राणीचा अंत पाहा. १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळच्या लढाईत तिच्याखाली नवा, सवयीचा नसलेला घोडा होता, तो ओढ्याच्या काठी अडला आणि उडी घेईना, असे परंपरा सांगते. त्या घोड्यास दोष देणारे पुष्कळ आहेत. मला तसे वाटत नाही. ज्या हाताशी ओळख नाही त्या हातावर भरंवसा ठेवून अंधारात उडी टाकावयास घोडा काय, आपण तरी तयार होऊ काय?

दुसरे गृहस्थ विष्णुपंत छत्रे. सांगलीकडील अंकलखोपचे हे गृहस्थ तरुणपणी ग्वाल्हेरीस गेले ते दोन विद्यांच्या ओढीने. गाण्यासाठी हद्दूखाँ, आणि घोड्यांसाठी अश्वविद्येत नावाजलेले बाबासाहेब आपटे. पुढे ते कुरुंदवाडकर संस्थानिकांच्या पदरी राहिले. मुंबईस त्यांनी कियारिनी नावाच्या परदेशी गृहस्थाची सर्कस पाहिली. असा खेळ हिंदी माणसास जमावयाचा नाही असे त्याने म्हटले, आणि त्या बोलण्याचा डंख लागून छत्र्यांनी १८८० च्या सुमारास आपली सर्कस उभी केली असे सांगतात. हिंदुस्थानातील सर्कशीचा आरंभ तेथून मानतात, आणि त्या आरंभाचा पाया छत्र्यांची शिकविलेली घोडी हा होता. सर्कशीचे मी आंधळे कौतुक करीत नाही. पुढे त्या धंद्यात वाघसिंहांचे जे हाल झाले त्यामुळे १९९८ साली केंद्र सरकारास वाघ, सिंह, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवर बंदी घालावी लागली, आणि ते योग्यच झाले.

छत्र्यांची एक गोष्ट मात्र मला फार हृदयंगम वाटते. त्यांच्या गुरूंचे चिरंजीव रहिमतखाँ हे अलौकिक गवई, पण मन भ्रमिष्ट झालेले, स्वतःची शुद्ध नसलेले. उत्तरेत ते दैन्यावस्थेत फिरत असता छत्र्यांनी त्यांस जवळ केले आणि आपल्याबरोबर ठेविले. छत्र्यांच्या मागे त्यांच्या बंधूंनीही त्यांस अंतर दिले नाही; खाँसाहेब १९२२ साली कुरुंदवाडास वारले. खाँसाहेब गातील केव्हा आणि रुसतील केव्हा याचा नेम नसे. अशा माणसास त्याच्या कलाने वागवून त्याचे गाणे महाराष्ट्रास ऐकविणे हे ज्यास जमले, त्याने घोडी कशी शिकविली असतील याची मी कल्पना करू शकतो.

श्रोतेहो, येथवर मी इतरांची गोष्ट सांगितली. आता थोडी स्वतःची सांगणे प्राप्त आहे. ती न सांगता हे भाषण करणे अप्रामाणिकपणाचे होईल. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी घाटावरच्या एका लहान गावी शिक्षक होतो. स्टेशनापासून गावात यावयास टांगा असे. वाटेत एक मोरी होती. टांगेवाल्याने नवे शिंगरू घेतले होते, ते त्या मोरीशी आले की कान टवकारून उभे राही आणि पुढे पाऊल टाकीना. रोज सायंकाळी मी फिरावयास निघे तेव्हा हा गृहस्थ टांगा न जोडता शिंगरू मोरीपाशी आणून, बाजूच्या दगडावर बसून त्यास गवत चारीत असे. मी म्हटले, “अहो, दोन चाबूक ओढा, मुकाट जाईल.” तो म्हणाला, “जाईल की गुरुजी. पण मग ते मोरीलाही भिईल आन् मलाही. त्याला मोरी दिसत न्हाई, मोरीतला अंधार दिसतोय.” आठवडा झाला. दगड रोज हातभर पुढे सरके. पुढे एके दिवशी ते शिंगरू गवताच्या मागे मोरी ओलांडून गेले, आणि पलीकडे जाऊन शांतपणे चरू लागले.

त्याच महिन्यात माझ्या वर्गात एक मुलगा होता. सतरापर्यंतचे पाढे तो धडाधड म्हणे, आणि एकोणिसाशी आला की उभा राही. मी त्यास छडीने मारले. एकदा नव्हे, चार दिवस ओळीने. पाचव्या दिवशी तो आला नाही. नंतर कळले की तो बापाबरोबर ऊसतोडीस गेला. मी त्याच्या घरी गेलो, पण घरास कुलूप होते. तो शाळेत पुन्हा आला नाही. त्यास पाढा दिसत नव्हता, पाढ्यातला अंधार दिसत होता, हे समजावयास मला टांगेवाल्याच्या दगडापाशी पुन्हा जाऊन बसावे लागले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी छडी हातात घेतली नाही. परंतु ही माझी थोरवी नव्हे. त्याची किंमत त्या मुलाने दिली, मी दिली नाही.

चिपळूणच्या पत्राकडे मी त्यानंतर निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. घोडी मेली तर तुम्हीच मारिली असे होईल, हा त्यातील भाव शिक्षकासही लागू आहे. जो आपल्या स्वाधीन केला गेला, ज्यास आपले दुःख सांगता येत नाही, त्याच्या अपयशाचा पहिला जाब आपल्याकडे. आणि त्या पत्रातील दुसरा भाव पहिल्याहून कठीण आहे: त्यास पोसण्याचा भार दुसऱ्या दुबळ्यावर टाकावयाचा नाही. घोडा जगवावयाचा, पण कुणब्याच्या भाकरीवर नव्हे. शिकविण्यात नीती कोठून सुरू होते, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, या दोन कलमांपासून. लगाम पुष्कळ पुढची गोष्ट आहे.

आज घोड्यावर आपला चरितार्थ चालत नाही. म्हणून हा विषय संपला असे मात्र समजू नये. मुंबईत १८७४ साली प्राण्यांचा छळ थांबविण्यासाठी संस्था निघाली, १८८६ साली पशुवैद्यकाचे महाविद्यालय निघाले, १९६० साली देशाचा कायदा झाला. तरीही मौजेखातर चालणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर ठरविण्यास मुंबईच्या उच्च न्यायालयास २०१५ साल उजाडावे लागले. घोड्यांच्या ठाणांची दुर्दशा हे त्या तक्रारीचे एक मोठे अंग होते. म्हणजे तीनशेहून अधिक वर्षांनी पुन्हा प्रश्न तोच: ठाण कसे आहे? भीमथडी घोड्यास कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने अलीकडे स्वतंत्र देशी वंश म्हणून मान्यता दिली, ही आनंदाची वार्ता आहे. पण वंशाची नोंद कागदावर होते. वंश जगतो तो ठाणावर.

आमच्या समुद्रकाठीही सुटीच्या दिवसांत प्रवाशांस पाठीवर बसवून फिरविणारी एखाददुसरी घोडी दिसतात. ती हाकणारी मुले गरीब घरची असतात. त्यांच्यावर रागावून काही साधत नाही. घोड्याचे पोट भरले नाही याचे कारण पुष्कळदा त्या मुलाचेही भरलेले नसते. मी त्यांच्याशी बोलतो, खुरांत शिरलेली वाळू आणि खारे पाणी धुऊन काढावयास सांगतो. दुपारी बारा ते चार घोडा सावलीत बांधावा म्हणतो. काही ऐकतात. आपण शहरांतून येणारी मंडळी त्यांस पैसे देता, म्हणून आपले बोलणे ते माझ्याहून अधिक ऐकतील.

यास्तव एक विनंती करून रजा घेतो. यापुढे आपल्या मुलास हौसेने घोड्यावर बसविण्याचा प्रसंग आला, माथेरानास असो की समुद्रकाठी, तर प्रथम दोन मिनिटे थांबावे. जवळ पाण्याची बादली आहे काय ते पाहावे. खोगीर किंचित उचलून पाठीस जखम नाही ना, ते विचारावे. घोडा चारी पायांवर सारखा उभा आहे, की एक पाय चोरतो, ते पाहावे. सर्व ठीक असेल तर सांगितलेले पैसे घासाघीस न करता द्यावे, कारण त्यांतून संध्याकाळची वैरण यावयाची आहे. ठीक नसेल तर मुलास समजावून सांगावे आणि चालत जावे. मुलगा हिरमुसेल, पण त्या दिवशी तो जे शिकेल ते घोड्यावर बसून शिकला नसता.